तोच क्वार्टरबॅक, दुसरा खेळ: एलएसयूचे २०१८ आणि २०१९चे हंगाम

३ नोव्हेंबर २०१८ रोजी बॅटन रूजमध्ये, स्वतःच्या मैदानावर, लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा म्हणजे एलएसयूचा अमेरिकन फुटबॉल संघ अलाबामा विद्यापीठाकडून २९–० असा हरला. ९ नोव्हेंबर २०१९ रोजी टस्कलूसात, अलाबामाच्या घरात जाऊन, त्याच एलएसयूने ४६–४१ असा सामना मारला. मुख्य प्रशिक्षक तेच, प्ले म्हणजे प्रत्येक चाल पुकारणारे प्रशिक्षक तेच, क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू घेऊन पास टाकणारा खेळाडूही तोच. मधल्या वर्षभरात बदलली ती पास खेळण्याची पद्धत, आणि स्नॅपनंतरच्या, म्हणजे चेंडू क्वार्टरबॅकच्या हाती आल्यावरच्या, दोन-अडीच सेकंदांत त्याच्यावर सोपवलेले निर्णय.

आजच्या कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकच्या पासिंगला किती महत्त्व आहे, या वादात बहुतेक वेळा वेगवेगळे संघ आणि वेगवेगळे काळ एकत्र कालवले जातात. इथे ती अडचण फारशी येत नाही, म्हणून हे प्रकरण घेतले आहे. सगळी माहिती सार्वजनिक नोंदीतली असल्याने नावे झाकलेली नाहीत.

## पार्श्वभूमी

एलएसयू साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये म्हणजे एसईसीत खेळते. या संघाची ओळख कडक बचाव आणि दणकट रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारे गडी, अशी होती. ५ नोव्हेंबर २०११ रोजी त्यांनी अलाबामाला ९–६ असे हरवले. दोन्ही बाजूंनी एकही टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेणे) झाला नाही, सगळे गुण फील्ड गोलचे, म्हणजे चेंडू खांबांमधून लाथाडून मिळवलेले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ९ जानेवारी २०१२ रोजी, राष्ट्रीय विजेतेपदासाठी हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले आणि अलाबामाने २१–० असा निकाल लावला. एलएसयूला अख्ख्या सामन्यात ९२ यार्ड मिळाले आणि मैदानाची मधली रेषा एकदाच ओलांडता आली.

तिथून २०१८पर्यंत अलाबामाविरुद्ध सलग आठ पराभव झाले. त्यातला २०१६चा सामना १०–० असा गेला. बचावाने प्रतिस्पर्ध्याला दहा गुणांवर रोखायचे आणि तरी हरायचे, यापेक्षा मोठा पुरावा काय हवा! खोट बचावात नव्हती. चेंडू पुढे नेणारा हात कमी पडत होता.

त्याच हंगामात, सप्टेंबर २०१६मध्ये, प्रशिक्षक लेस माइल्स यांना काढले आणि संघ एड ओर्जरॉन यांच्याकडे आला. ओर्जरॉन मूळचे बचावाच्या पहिल्या फळीचे प्रशिक्षक. आपल्याला आक्रमण बदलायचे आहे हे ते सांगत होते, पण २०१७मध्ये आक्रमणासाठी आणलेले मॅट कॅनडा एका हंगामातच गेले. २०१८मध्ये ती जबाबदारी स्टीव्ह एन्समिंगर यांना मिळाली. ते स्वतः सत्तरच्या दशकात एलएसयूकडूनच क्वार्टरबॅक म्हणून खेळलेले.

तिकडे अलाबामाने वळण घेतले होते. ८ जानेवारी २०१८च्या अंतिम सामन्यात मध्यंतराला जॉर्जिया १३–० पुढे होती. अलाबामाचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स धावण्यात तरबेज, पण पहिल्या अर्ध्यात त्याचे ८ पैकी ३ पास लागले, तेही मिळून २१ यार्डांचे. प्रशिक्षक निक सेबन यांनी त्याला बसवून पहिल्या वर्षाच्या टुआ टागोवायलोआला उतरवले. जादा वेळेत दुसऱ्या डाउनला (चार प्रयत्नांपैकी दुसऱ्या प्रयत्नात) २६ यार्ड हवे असताना टागोवायलोआने ४१ यार्डांचा टचडाउन पास टाकला आणि अलाबामा २६–२३ जिंकली. बचाव आणि धाव यांवर उभ्या असलेल्या सर्वांत यशस्वी संघानेही पासिंगकडे मोहरा वळवला, तेव्हा बाकीच्यांना थांबून चालणार नव्हते.

मे २०१८मध्ये एलएसयूकडे जो बरो आला. ओहायो स्टेटमध्ये तीन वर्षे काढून त्याने एकूण ३९ पास टाकले होते आणि पहिल्या क्रमांकाची जागा ड्वेन हॅस्किन्सकडे जात होती. पदवी पूर्ण झालेली असल्याने त्याला नव्या विद्यापीठात लगेच खेळता येणार होते, आणि हाताशी दोन हंगाम होते. वसंतातला सराव मात्र हुकलेला.

## अडचण नेमकी कुठे होती

२०१८मध्ये एलएसयूने १३ पैकी १० सामने जिंकले, म्हणजे वरकरणी हंगाम चांगलाच होता. बरोचे आकडे असे: ३७९ पैकी २१९ पास पूर्ण म्हणजे ५७.८ टक्के, २,८९४ यार्ड, १६ टचडाउन, ५ इंटरसेप्शन (बचावाने झेललेले पास). कॉलेजमधले पासर रेटिंग काढण्याची रीत सोपी आहे. यार्ड गुणिले ८.४, अधिक टचडाउन गुणिले ३३०, अधिक पूर्ण पास गुणिले १००, वजा इंटरसेप्शन गुणिले २००. आलेल्या बेरजेला एकूण पासांनी भागायचे. बरोचे रेटिंग येते १३३.२. वाईट नाही, पण विजेतेपद आणणारे नक्कीच नाही.

आता या आकड्यांत एक गोष्ट बारकाईने पाहा. ३७९ पासांत फक्त ५ इंटरसेप्शन. म्हणजे निर्णय चुकत नव्हते, चेंडू भलत्याच्या हाती जात नव्हता. दर पासमागे यार्ड मात्र ७.६, आणि टचडाउन सुमारे २४ पासांमागे एक. क्वार्टरबॅक सावध होता, अचूकही होता, पण त्याच्यापुढे टाकण्यासारख्या जागाच कमी होत्या. आमच्या मते या प्रकरणाची किल्ली इथे आहे, आणि ती २०१८च्या आकड्यांतच पडलेली होती.

जागा कमी का होत्या, ते २९–० च्या सामन्यात उघड दिसले. बरोने ३५ पैकी १८ पास पूर्ण केले, १८४ यार्ड. धावून मिळालेले एकूण यार्ड १२. कॉलेजच्या हिशेबात सॅकमध्ये, म्हणजे पास सुटण्याआधीच क्वार्टरबॅक पाडला गेल्यावर, गमावलेले यार्ड धावेतून वजा होतात, त्यामुळे हा आकडा दुहेरी अपयश सांगतो: धावेला वाटही नाही आणि क्वार्टरबॅकला संरक्षणही नाही.

अशा वेळी जुन्या पद्धतीचे आक्रमण काय करते? टाइट एंड आणि फुलबॅक या, एरवी पासही झेलू शकणाऱ्या, गड्यांना अडवायला मागे ठेवते. अडवणारे पाचाचे सात होतात, पण रूटवर, म्हणजे पास झेलायच्या ठरलेल्या वाटेवर, सुटणारे पाचाचे तीन उरतात. तीन रिसीव्हरांवर म्हणजे झेलणाऱ्यांवर बचावाचे सात गडी. पहिला रिसीव्हर झाकलेला, दुसराही झाकलेला, तोवर वेळ संपलेली. संरक्षण वाढवायला जावे तर पासची वाट बंद होते, आणि वाट बंद झाली की क्वार्टरबॅक चेंडू हातात धरून राहतो. मग सॅक होतोच. गडी वाढवूनही सॅक का थांबत नाहीत, याचे उत्तर हे.

हंगामाच्या शेवटी एक इशारा मिळाला. १ जानेवारी २०१९च्या फिएस्टा बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात सलग २५ सामने जिंकत आलेल्या सेंट्रल फ्लोरिडाविरुद्ध बरोचा पहिल्याच क्वार्टरमधला एक पास चोरून प्रतिस्पर्ध्याने थेट टचडाउन केला. तरीही पुढे त्याने ३९४ यार्ड आणि ४ टचडाउन टाकले आणि संघ ४०–३२ जिंकला. हात मोकळा सोडला तर हा गडी काय करू शकतो, ते त्या दिवशी दिसले.

## पासिंग म्हणजे काय मोजायचे

पर्यायांकडे जाण्याआधी कॉलेजच्या मैदानाची दोन वैशिष्ट्ये सांगायला हवीत, कारण पुढचे सगळे निर्णय त्यांच्याशी जोडलेले आहेत.

मैदानाची रुंदी १६० फूट. प्रत्येक प्ले दोन हॅशमार्कांच्या, म्हणजे मैदानावरच्या छोट्या खुणांच्या दोन ओळींच्या, मधून किंवा त्यांच्यावरून सुरू होतो. कॉलेजमध्ये हॅशमधले अंतर ४० फूट आहे, एनएफएलमध्ये म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये १८ फूट ६ इंच. चेंडू उजव्या हॅशवर असेल तर उजवी कडा ६० फुटांवर आणि डावी १०० फुटांवर. आता डाव्या कडेजवळ १२ यार्ड खोल आउट रूट, म्हणजे कडेकडे वळणाऱ्या रिसीव्हरला पास, टाकायचा आहे असे धरा. क्वार्टरबॅक स्क्रिमेज रेषेच्या, म्हणजे प्ले जिथून सुरू होतो त्या रेषेच्या, ५ यार्ड मागे, म्हणजे सरळ अंतर १७ यार्ड. आडवे अंतर जवळजवळ ३०. तिरपे मोजले की चेंडू ३४ यार्डांहून अधिक उडतो, आणि कागदावर त्याची किंमत फक्त १२ यार्ड. एवढ्या वेळात कॉर्नरबॅकला म्हणजे कडेच्या बचावपटूला चेंडूवर झेप घेता येते. म्हणून रिसीव्हर वळण्याआधी चेंडू हातातून सुटला पाहिजे. रिसीव्हर वळल्यावर टाकला तर उशीर झालाच.

यावरून दिसते की नुसता दणकट हात पुरत नाही. बरोचा हात या खेळातल्या सर्वांत ताकदवान हातांपैकी नव्हता. त्याचे बळ वेळ साधण्यात आणि जागा हेरण्यात होते. चांगला फलंदाज जसा गोलंदाजाच्या मनगटावरून चेंडू ओळखतो आणि टप्पा पडायची वाट पाहत नाही, तसेच काहीसे.

दुसरी गोष्ट आरपीओची, म्हणजे एकाच प्लेमध्ये धाव आणि पास दोन्ही उघडे ठेवण्याची. पहिल्या फळीचे पाच गडी धावेसाठी अडवत पुढे सरकतात. क्वार्टरबॅक एका ठरलेल्या लाइनबॅकरवर, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीतल्या गड्यावर, नजर ठेवतो. तो धाव अडवायला पुढे आला तर चेंडू रनिंग बॅकच्या पोटाजवळून काढून घेऊन त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत टाकायचा. तो मागेच राहिला तर चेंडू देऊन टाकायचा. कॉलेजच्या नियमात पास सुटेपर्यंत फळीतल्या गड्यांना रेषेपुढे ३ यार्डांपर्यंत जाता येते, एनएफएलमध्ये १ यार्ड. या दोन यार्डांच्या सवलतीमुळे आरपीओ कॉलेजमध्ये इतका फोफावला. पण क्वार्टरबॅक अर्धा सेकंद घुटमळला की गार्ड, म्हणजे पहिल्या फळीतला गडी, ३ यार्डांपलीकडे पोचतो आणि ५ यार्डांचा दंड बसतो. तो दंड गार्डच्या नावावर लागतो, चूक मात्र बहुधा क्वार्टरबॅकची असते.

## समोरचे पर्याय

२०१८ संपले तेव्हा ओर्जरॉन यांच्यापुढे मुख्यतः चार वाटा होत्या.

पहिली, आहे तेच नीट करणे: पहिली फळी मजबूत करा, धाव सुधारा, पासिंग त्यामागून सुधारेल. याच्या बाजूने १० विजय होते. विरुद्ध बाजूला अलाबामाविरुद्धचे सलग आठ पराभव होते. एसईसीतल्या बहुतेक संघांविरुद्ध ही रीत चालते. ज्या एका संघाविरुद्ध चालत नाही, विजेतेपदाचा रस्ता नेमका त्याच्याच दारातून जातो.

दुसरी, बरोच्या पायांचा वापर वाढवणे. २०१८मध्ये त्याने १२८ धावांत ३९९ यार्ड आणि ७ टचडाउन केले होते. आकर्षक वाटते, पण ज्याच्या मागे त्या तोडीचा दुसरा क्वार्टरबॅक तयार नाही त्याला दर सामन्यात दहा-बारा टकरी खायला लावणे धोक्याचे. आणि चांगल्या बचावासमोर धावणारा क्वार्टरबॅक अडकला की पुढे काय होते, ते हर्ट्सच्या त्या पहिल्या अर्ध्यात सगळ्यांनी पाहिले होते.

तिसरी, आक्रमणाचा प्रमुखच बदलणे. कॅनडा यांच्या वेळचा अनुभव ताजा होता. तीन वर्षांत तिसरी भाषा शिकायला लावली तर खेळाडूंचा गोंधळ होतो. आणि बरोकडे एकच हंगाम उरला होता, चुकीला जागा नव्हती.

चौथी, एन्समिंगर यांना ठेवून त्यांच्या जोडीला पासिंगचा जाणकार आणणे. धोका उघड आहे: एका स्वयंपाकघरात दोन आचारी. पण ज्याला खेळाडू ओळखतात तो माणूस जागेवर राहतो आणि नवी गोष्ट त्याच्या हातून येते.

ओर्जरॉन यांनी चौथी वाट धरली.

## काय केले

जानेवारी २०१९मध्ये जो ब्रेडी यांना पासिंग गेम कोऑर्डिनेटर आणि रिसीव्हरांचे प्रशिक्षक म्हणून घेतले. वय २९. आधीची दोन वर्षे ते एनएफएलच्या न्यू ऑर्लीन्स सेंट्समध्ये आक्रमणाचे सहायक होते, त्याआधी पेन स्टेटमध्ये. २०१८च्या हंगामात सेंट्सचा क्वार्टरबॅक ड्रू ब्रीझने ७४.४ टक्के पास पूर्ण करून एनएफएलचा विक्रम केला होता. म्हणजे त्या वर्षीचे सर्वांत अचूक पासिंग बॅटन रूजपासून दीड-दोन तासांच्या गाडीरस्त्यावर चालू होते, आणि एलएसयूने तिथलाच माणूस उचलला. प्ले पुकारण्याचे काम एन्समिंगर यांच्याकडेच राहिले.

मुख्य बदल असा की मागे अडवायला ठेवलेले गडी आता रूटवर सोडले. अनेक वेळा रनिंग बॅकलाही बाहेर उभे करून क्वार्टरबॅकच्या बाजूला कोणीच ठेवायचे नाही. याला एम्प्टी म्हणतात. पाच रिसीव्हर, पाच अडवणारे आणि क्वार्टरबॅक एकटा.

जिथे सॅक जास्त होत होते तिथे संरक्षण आणखी कमी करायचे, हे उफराटे वाटेल. पण गणित पाहा. पाच रिसीव्हर पसरले की बचावाचे निदान पाच गडी त्यांच्याबरोबर पसरतात. मधे उभे राहणारे सहाच. त्यातले कोण येणार आणि कोण नाही हे लपवणे बचावाला अवघड होते, आणि सहाही आले तर पाचही रिसीव्हर एकेकट्या गड्यासमोर मोकळे. अडवला न गेलेला तो सहावा गडी ही क्वार्टरबॅकची जबाबदारी: तो पोचायच्या आत चेंडू सोडायचा.

यातली एक खूण जवळून पाहण्यासारखी आहे. रनिंग बॅक क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर क्वार्टरबॅकच्या शेजारून उठून कडेला जाऊन उभा राहतो. त्याच्यामागे लाइनबॅकर कडेपर्यंत चालत गेला तर बचाव माणसाला माणूस लावून खेळतो आहे. लाइनबॅकर जागचा हलला नाही आणि कडेला कॉर्नरबॅकच उभा राहिला तर बहुधा झोन आहे, म्हणजे प्रत्येक गडी माणूस नव्हे तर जागा राखतो आहे. चेंडू हातात येण्याआधीच क्वार्टरबॅकला अर्धे उत्तर मिळते. माणसाला माणूस असेल तर मंद लाइनबॅकरसमोर चपळ रनिंग बॅक, किंवा आतल्या बाजूला स्लॉटमध्ये जस्टिन जेफरसन. झोन असेल तर दोन गड्यांच्या मधली फट.

त्याच्या जोडीला चॉइस रूट. रिसीव्हर ठरलेल्या खोलीपर्यंत धावतो. समोर झोन दिसला तर फटीत थांबून क्वार्टरबॅककडे तोंड करतो, माणूस चिकटलेला दिसला तर त्याच्यापासून दूर वळतो. इथे रिसीव्हर आणि क्वार्टरबॅक या दोघांनी एकाच क्षणी एकच उत्तर वाचले पाहिजे. एकाने झोन वाचला आणि दुसऱ्याने माणूस, तर चेंडू रिकाम्या जागेत जातो आणि तिथे बचावाचा गडी असतो. कॉलेजमधले कितीतरी इंटरसेप्शन असे होतात, आणि प्रेक्षक म्हणतात की नेम चुकला. उपाय एकच: त्याच रिसीव्हरांबरोबर तोच रूट, वेगवेगळ्या बचावासमोर, पुन्हा पुन्हा. २०१८मध्ये उन्हाळ्यात आलेल्या बरोला हा वेळच मिळाला नव्हता. २०१९मध्ये पूर्ण वसंत आणि पूर्ण उन्हाळा मिळाला.

## कसोटीचे सामने

७ सप्टेंबर २०१९, ऑस्टिन, टेक्ससविरुद्ध. सामना संपायला अडीच मिनिटांच्या आसपास, एलएसयू ३७–३१ पुढे, तिसरा डाउन आणि १७ यार्ड हवे. चेंडू स्वतःच्या ३९ यार्डांच्या रेषेवर. जुनी एलएसयू इथे धावून घड्याळ चालवते, पंट करते म्हणजे चेंडू लांब लाथाडून देऊन टाकते आणि बचावावर भरवसा टाकते. त्या रात्री बचाव दमलेला होता, हेही खरे. पासचा निर्णय झाला. टेक्ससने जास्तीचे गडी चढवले. बरो एक पाऊल पुढे आणि डावीकडे सरकला, नजर मैदानावरच ठेवली, आणि मधून जाणाऱ्या जेफरसनकडे चेंडू सोडला. ६१ यार्डांचा टचडाउन. निकाल ४५–३८, बरो ३९ पैकी ३१, ४७१ यार्ड, ४ टचडाउन.

पळून जाण्याऐवजी खिशात, म्हणजे अडवणाऱ्यांच्या कोंडाळ्यात, दोन पावले सरकून पुन्हा टाकण्याच्या पवित्र्यात येणे ही त्या हंगामातली त्याची सर्वांत मोलाची हालचाल. ती कोणत्याही आकडेवारीत स्वतंत्रपणे नोंदली जात नाही.

२६ ऑक्टोबर, ऑबर्नविरुद्ध. इथे पहिल्यांदा कोणीतरी उत्तर शोधून आणले. ऑबर्नने बहुतेक वेळा तीनच गडी चढवले आणि सात डिफेन्सिव्ह बॅक म्हणजे मागच्या फळीचे बचावपटू मैदानात ठेवून पासच्या फटी बुजवल्या. एलएसयूने हट्टाने खोल पास टाकले नाहीत. मधे गडी कमी दिसले की चेंडू एडवर्ड्स-हेलेअरला दिला आणि तो शंभराहून अधिक यार्ड धावला. निकाल २३–२०, एलएसयूची हंगामातली सर्वांत कमी गुणसंख्या. पासिंगचा धाक नसता तर बचावाने मधे गडी कमी केलेच नसते, आणि ती धाव मिळाली नसती. कोणी याला पासिंगचे अपयश म्हणते. आम्ही म्हणत नाही.

९ नोव्हेंबर, अलाबामा. मध्यंतराला ३३–१३. दुसऱ्या अर्ध्यात टागोवायलोआने सामना खेचून आणला, त्याचे एकूण ४१८ यार्ड झाले. अलाबामा जवळ येऊ लागली तशी एलएसयूनेही टचडाउनने उत्तर दिले. बरो ३९ पैकी ३१, ३९३ यार्ड.

१३ जानेवारी २०२०, न्यू ऑर्लीन्स, क्लेमसनविरुद्ध अंतिम सामना. क्लेमसनचे बचाव प्रमुख ब्रेंट व्हेनाबल्स यांनी सुरुवातीला इतके वेष बदलले की एलएसयूचे पहिले तीनही प्रयत्न पंटवर संपले आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये १७–७ अशी पिछाडी आली. या टप्प्यावर प्ले बदलण्यापेक्षा वाचन बदलले: क्लेमसन रिसीव्हर जमार चेसवर एकच गडी ठेवते आहे हे लक्षात आल्यावर चेंडू तिकडे जाऊ लागला. चेसने ९ झेलांत २२१ यार्ड आणि २ टचडाउन केले. मध्यंतराला २८–१७, शेवटी ४२–२५. बरो ४९ पैकी ३१, ४६३ यार्ड, ५ टचडाउन पास.

## निकाल

१५ सामने, १५ विजय. ७२६ गुण. बरो: ५२७ पैकी ४०२, ७६.३ टक्के, ५,६७१ यार्ड, ६० टचडाउन, ६ इंटरसेप्शन. वरच्याच सूत्राने रेटिंग २०२.०, त्या वेळचा विक्रम. दर पासमागे यार्ड ७.६ वरून १०.८. टचडाउन २४ पासांमागे एक होता, तो ९ पासांपेक्षाही कमी अंतराने येऊ लागला. एवढे धाडस वाढूनही इंटरसेप्शनचे प्रमाण किंचित खालीच आले. बरोला वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइझमन पुरस्कार मिळाला, ब्रेडी यांना सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा ब्रॉइल्स पुरस्कार, आणि पाच गड्यांवर भागवणाऱ्या त्या पहिल्या फळीला सर्वोत्तम फळीचा जो मूर पुरस्कार.

श्रेय वाटताना मात्र सांभाळून बोलायला हवे. चेस २०१८मध्ये पहिल्या वर्षात होता, २३ झेल. २०१९मध्ये ८४ झेल, १,७८० यार्ड, २० टचडाउन. जेफरसनचे झेल ५४ वरून १११ झाले. रनिंग बॅक असूनही एडवर्ड्स-हेलेअरचे ५५ झेल. ही मुले नुसत्या पद्धतीने घडली नाहीत, ती वयाने आणि सरावानेही वाढली. ब्रेडी लगेच एनएफएलमध्ये कॅरोलायना पँथर्सकडे गेले आणि डिसेंबर २०२१मध्ये तिथून त्यांना काढले गेले. तीच डोकी, दुसरे हात, वेगळा निकाल. पद्धत, क्वार्टरबॅक आणि झेलणारे यांतले एक काढले असते तर हे आकडे आले नसते, इतके नक्की म्हणता येते.

## वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट वेळेची. २०१८च्या मध्यावर सावध पण अडखळणाऱ्या आक्रमणाचे कारण ओळखता आले असते. इंटरसेप्शन कमी आणि दर पासमागचे यार्डही कमी, ही जोडी दिसली की क्वार्टरबॅकला आणखी जपण्याऐवजी त्याला आणखी पर्याय द्यावेत. निदान आठवड्याला पाच-सहा एम्प्टी प्ले घालून पाहता आले असते. ते न केल्याने फिएस्टा बोलपर्यंत थांबावे लागले.

दुसरी गोष्ट बचावाची. झटपट गुण करणारे आक्रमण स्वतःच्या बचावाला वारंवार मैदानात पाठवते. १६ नोव्हेंबर २०१९ला ओल मिसने एलएसयूविरुद्ध धावून ४०० हून अधिक यार्ड केले. ५८–३७ जिंकल्यामुळे ते झाकले गेले. पासिंगवर बेत उभा करताना राखीव बचावपटूंची फळी त्याच वर्षी रुंद करायला हवी, पुढच्या वर्षी नव्हे.

तिसरी आणि सर्वांत महाग पडलेली गोष्ट वारशाची. वाचनाची ही सगळी भाषा प्रामुख्याने ब्रेडी आणि बरो यांच्या डोक्यात होती. दोघे एकाच महिन्यात गेले. जेफरसन आणि एडवर्ड्स-हेलेअरही ड्राफ्टमधून एनएफएलमध्ये गेले, चेसने २०२०चा हंगाम न खेळण्याचे ठरवले, बचावप्रमुख डेव्ह अरांडा बेलरचे मुख्य प्रशिक्षक झाले. नवा क्वार्टरबॅक माइल्स ब्रेनन तीन सामन्यांनंतर जखमी झाला आणि पुढची सूत्रे पहिल्या वर्षाच्या मुलांकडे आली. २०१९मध्ये मोठ्या आघाडीवर असतानाचे शेवटचे क्वार्टर दुसऱ्या क्वार्टरबॅकच्या खऱ्या वाचनासाठी, म्हणजे चेंडू देऊन टाकण्याऐवजी पास टाकून, वापरता आले असते. आघाडी मोठी असताना पास टाकणे अशिष्ट मानतात हे माहीत आहे, तरी तो संकोच इथे महागात पडला असे आमचे मत आहे. पदांच्या बाबतीतही, ब्रेडी यांच्या हाताखाली एक तरुण सहायक पहिल्या दिवसापासून तीच भाषा शिकत असायला हवा होता.

२०२०मध्ये एलएसयूने ५ जिंकले, ५ हरले. पहिलाच सामना २६ सप्टेंबरला बॅटन रूजमध्ये, माइक लीच यांच्या मिसिसिपी स्टेटविरुद्ध. लीच यांचे संघ वर्षानुवर्षे रिसीव्हर पसरवून पास टाकण्यासाठीच ओळखले जात. एलएसयूचा नवा बचाव माणसाला माणूस लावून खेळत राहिला. मिसिसिपी स्टेटच्या के. जे. कॉस्टेलोने ६० पैकी ३६ पास पूर्ण केले: ६२३ यार्ड, एसईसीचा विक्रम, ५ टचडाउन. विजेते ४४–३४ असे हरले.